बाहेरून मजूर आले की मजुरी पडते का?

प्रश्न असा आहे : एखाद्या देशात परदेशातून येणाऱ्या कामगारांची संख्या वाढली, तर तिथे आधीपासून राबणाऱ्यांची मजुरी कमी होते का, आणि होत असेल तर किती?

आधी थोडक्यात उत्तर देतो. सगळ्या कामगारांची सरासरी धरली आणि दहा वर्षांहून जास्त काळ धरला, तर परिणाम शून्याच्या आसपास असतो. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान-संस्थांनी २०१६ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्याचाही निष्कर्ष असाच होता. पण नुकसान कुणाचंच होत नाही असं या सरासरीवरून म्हणणं चूक आहे. तोटा होतो तेव्हा तो ठरावीक लोकांच्या वाट्याला येतो : सर्वांत आधी काही वर्षांपूर्वी आलेल्या स्थलांतरितांच्या, मग शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांच्या. शिवाय ‘किती आले’ या आकड्यापेक्षा ‘कुठल्या अटींवर आले’ हे मजुरीच्या दृष्टीने बरेचदा जास्त निर्णायक ठरतं. मालक बदलायची मुभा नसलेला मजूर स्वतःचा दर गमावतो आणि शेजारी काम करणाऱ्याचाही दर खाली ओढतो. माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

हिशेब कसा मांडतात ते बघू. उत्पन्नातला भांडवलाचा वाटा साधारण एक तृतीयांश धरतात. यंत्रं, गाळे, ट्रक तेवढेच राहिले आणि कामगार एकदम १० टक्के वाढले, तर सरासरी मजुरी जवळपास ३ टक्क्यांनी उतरते. ही झाली सर्वांत वाईट स्थिती. प्रत्यक्षात भांडवल जागच्या जागी थांबत नाही. मनुष्यबळ मिळतंय म्हटल्यावर नवे गाळे निघतात, हॉटेलं निघतात, आणि आलेली माणसंही घरभाडं, किराणा, बसभाडं यांवर खर्च करतात, म्हणजे मागणीही वाढते. भर दरवर्षी थोडीथोडी पडत असेल तर गुंतवणूक सोबतच चालते. एका रात्रीत पडली तर काही वर्षांचं अंतर राहतं, आणि त्या अंतरात लोकांना खरा फटका बसतो.

दुसरा भाग जास्त वादाचा आहे : आलेला माणूस कुणाच्या जागी उभा राहतो? समजा १०० कामगार आहेत. २० जणांनी शाळा सोडली आहे, ४० जण बारावीपर्यंत शिकलेत, ४० जण पदवीधर आहेत. बाहेरून १० जण आले, सगळे शाळा सोडलेले. या वीस जणांना वेगळा गट मानलं, तर त्या गटात ५० टक्के वाढ झाली. गटांमधल्या अदलाबदलीची लवचिकता (एका गटाच्या जागी दुसरा कितपत सहज चालतो त्याचं माप) २ धरली, तर पदवीधरांच्या तुलनेत त्यांची मजुरी सुमारे १८ टक्क्यांनी घसरेल. पण गोदामात पेट्या उचलायला बारावी झालेला आणि न झालेला सारखाच चालतो असं मानलं, तर गट ६० जणांचा होतो, वाढ १७ टक्क्यांची आणि घसरण सुमारे ७ टक्क्यांची. माणसं तीच, लवचिकता तीच. गट पाडायची रेघ कुठे ओढली एवढ्यावर उत्तर निम्म्याहून खाली आलं. वर्तमानपत्रांत एकमेकांविरुद्ध छापून येणाऱ्या निष्कर्षांमधला बराचसा फरक या रेघेचा असतो.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २००३ मध्ये शिक्षण आणि अनुभवानुसार बारीक गट पाडले आणि १० टक्के पुरवठा वाढला की मजुरी ३ ते ४ टक्क्यांनी उतरते असं मांडलं. ओट्टाव्हियानो आणि पेरी यांनी २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट धरली : एकाच शिक्षणाचे स्थानिक आणि परदेशी हुबेहूब एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भाषा येणारा काउंटरवर जातो, न येणारा मागे स्वयंपाकघरात. १९९० ते २००६ या काळासाठी त्यांचा दीर्घकालीन अंदाज असा निघाला : स्थानिकांच्या सरासरी मजुरीत ०.६ टक्के वाढ, आणि आधी आलेल्या स्थलांतरितांच्या मजुरीत ६.७ टक्के घट. नव्याने आलेल्याची खरी स्पर्धा कालपरवा आलेल्याशी असते हे अनेक देशांत दिसतं. ‘आता दार लावा’ असं आधी आलेलेच कधी कधी म्हणतात, त्यामागे हा साधा आर्थिक हितसंबंध असू शकतो.

आता ज्या घटनेवर या विषयात सर्वांत जास्त शाई खर्च झाली तिच्याकडे वळू. एप्रिल १९८० मध्ये फिडेल कॅस्ट्रोंनी जाहीर केलं की ज्यांना क्युबा सोडायचा आहे त्यांनी मारिएल बंदरातून जावं. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडाला पोचले. त्यातले साधारण निम्मे मायामीत राहिले आणि काही महिन्यांत शहराचं मनुष्यबळ ७ टक्क्यांनी वाढलं. संशोधकाच्या दृष्टीने ही घटना मोलाची, कारण हे लोक मायामीत पगार वाढत होते म्हणून आले नव्हते. राजकीय कारणाने आले होते. एरवी हाच घोळ असतो. जिथे कामधंदा तेजीत तिथे मजूर जातात, त्यामुळे मजूर जास्त आणि मजुरीही जास्त असं चित्र दिसतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा-सेंट पीटर्सबर्गशी केली. कमी कौशल्याच्या बिगर-क्युबन कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर त्यांना परिणाम आढळला नाही. क्युबन लोकांची सरासरी मजुरी मात्र उतरली. ती का उतरली हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नाक्यावर १० जण ९०० रुपये रोजाने काम करतायत. ५ नवे आले, त्यांना ६०० मिळाले. सरासरी ९०० वरून ८०० वर आली, पण आधीच्या एकाही माणसाचा एक रुपया कमी झालेला नाही. सरासरी पडणं आणि कुणाची तरी मजुरी पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. क्युबन सरासरीतली घट कार्ड यांना मुख्यतः या प्रकारची वाटली.

बोर्हास यांनी २०१५ नंतर हाच डेटा पुन्हा उघडला. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं : आलेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी शाळा पूर्ण केलेली नव्हती, म्हणून शाळा सोडलेल्यांचीच मजुरी बघायला हवी. त्यांनी २५ ते ५९ वयाचे, हिस्पॅनिक नसलेले, शाळा सोडलेले पुरुष तेवढे निवडले आणि मजुरीत १० ते ३० टक्के घसरण दाखवली. पण एवढी चाळण लावल्यावर ज्या सर्व्हेवर त्यांचा मुख्य भर होता, त्यात मायामीतले वर्षाला साधारण वीस पुरुष उरतात. वीस जणांच्या सरासरीवर शहराचा इतिहास लिहिता येत नाही. त्यात दोन माणसं बदलली की सरासरी हलते. पुढे मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी आणखी नेमकी गोष्ट दाखवली. त्याच सुमारास सर्व्हेमध्ये कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद वाढली होती, त्यामुळे त्या छोट्या नमुन्यात त्यांचं प्रमाण एकदम चढलं. त्यांची मजुरी आधीपासूनच कमी होती. घसरणीचा बराच भाग या अदलाबदलीतून येऊ शकतो. पेरी आणि यासेनोव्ह यांनी अनेक शहरांच्या मिश्रणातून मायामीचा तुलना-नमुना बनवून पाहिलं. त्यांनाही घसरण दिसली नाही.

माझं मत कार्ड यांच्या बाजूने आहे, पण एका मर्यादेसह. मायामीत आधीच मोठी क्युबन वस्ती, स्पॅनिश बोलणारे दुकानदार आणि शिवणकामासारखे माणसं सामावून घेणारे उद्योग होते. शिवाय इतर ठिकाणहून मायामीकडे येणारा ओघ त्यानंतर मंदावला, म्हणजे धक्क्याचा काही भाग शहराबाहेर वाटला गेला. एका शहराच्या तुलनेत हा वाटा दिसत नाही. दुसऱ्या कुठल्या शहरात ७ टक्के लोक अचानक आले तर असंच होईल, असं मायामीवरून सांगता येणार नाही.

याचं उत्तम उदाहरण जर्मनी-चेक सीमेवरचं आहे. १९९१ मध्ये चेक कामगारांना सीमेलगतच्या जर्मन जिल्ह्यांत काम करायची परवानगी मिळाली, राहायची नाही. रोज यायचं, काम करायचं, परत जायचं. त्यामुळे मजुरी खर्च व्हायची ती चेक बाजूला. जर्मन गावातल्या मागणीत फारशी भर पडली नाही. डस्टमन, श्योनबर्ग आणि स्टूलर यांनी २०१७ मध्ये मोजलं : चेक कामगारांचा वाटा १ टक्काबिंदूने वाढला की स्थानिकांची मजुरी ०.१३ टक्के उतरली, पण स्थानिकांचा रोजगार ०.९ टक्के घटला. म्हणजे मजुरी जवळपास स्थिर आणि फटका रोजगारावर. त्यातही कामावर असलेल्यांना सहसा काढलं नाही. नव्या स्थानिकांची भरती थांबली. नुसती मजुरी मोजणारा इथे ‘काही झालं नाही’ म्हणून मोकळा झाला असता. म्हणून कुठलाही दावा वाचताना मजुरीसोबत रोजगार, कामाचे तास आणि नवी भरती हे तिन्ही आकडे मागा.

उलटी बाजूही तपासून पाहावी लागते : मजूर काढून टाकले तर मजुरी वाढते का? अमेरिकेत १९४२ पासून ब्रासेरो करारांखाली मेक्सिकन शेतमजूर हंगामी कामाला येत. स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढावी या हेतूने ही योजना १९६४ च्या अखेरीस बंद केली. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टल यांनी जुन्या नोंदी काढून तुलना केली : जिथे ब्रासेरो खूप होते, थोडे होते आणि नव्हतेच, अशा तिन्ही प्रकारच्या राज्यांत मजुरी जवळपास सारख्याच गतीने वाढत गेली. लाखो माणसं गेली आणि मजुरीच्या रेघेवर खूण उमटली नाही.

कारण टोमॅटोच्या शेतात सापडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात प्रक्रियेच्या टोमॅटोसाठी तोडणी यंत्र आणि त्याला जुळणारं, एकदम पिकणारं, दणकट फळाचं वाण आधीच तयार होतं. स्वस्त मजूर होते तोवर ते शेतकऱ्यांनी घेतलं नाही. मजूर थांबल्यावर काही वर्षांतच राज्यातली प्रक्रियेच्या टोमॅटोची तोडणी जवळपास पूर्णपणे यंत्रावर गेली. ज्या पिकांना यंत्र नव्हतं, त्यातल्या काहींचं उत्पादन घटलं. मालकापुढे ‘जास्त मजुरी देऊन स्थानिक माणूस ठेवणे’ याशिवाय आणखी दोन रस्ते असतात, यंत्र घेणे किंवा ते काम सोडणे, आणि जो स्वस्त पडेल तो तो घेतो.

आपल्याकडे जून २०२० मध्ये पंजाबात याच्याशी मिळतंजुळतं घडलं. टाळेबंदीत बिहार आणि उत्तर प्रदेशातले मजूर गावी परतले आणि भात लावणीचा हंगाम तोंडावर आला. एकरी तीन हजारांच्या आसपास असलेला दर साडेचार-पाच हजारांवर गेला. म्हणजे पुरवठा एकदम आटला की अल्पकाळात दर नक्की चढतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे काय झालं तेही पाहा. अनेक शेतकऱ्यांनी लावणी टाळून थेट पेरणीची यंत्रं वापरली आणि त्या पद्धतीखालचं क्षेत्र त्या वर्षी अनेक पटींनी वाढलं. आणि काही गावांत पंचायतींनी ठराव करून लावणीच्या दराला कमाल मर्यादा घातली. स्थानिक दलित मजुरांना घासाघीस करायची संधी मिळाली होती, तेव्हाच ती ठरावाने कापली गेली. मजूर कमी झाल्याचा फायदा मजुराच्या हातात पडतोच असं नाही. मधे सत्ता उभी असते.

इथे मी सुरुवातीला मांडलेल्या मुद्द्याकडे येतो. संयुक्त अरब अमिरातीत बहुतांश खासगी कामगार परदेशी आहेत, त्यात रत्नागिरी-रायगडकडचेही आहेत. तिथला व्हिसा एका मालकाला बांधलेला असे. करार संपल्यावरही दुसरीकडे जायचं तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागे, नाहीतर देश सोडायचा. २०११ पासून नियम बदलला : करार पूर्ण झाला की ना-हरकत पत्राविना मालक बदलता येईल. नायडू, न्यार्को आणि वांग यांनी पगाराच्या नोंदी तपासल्या. करार संपण्याच्या वेळी कामगारांची कमाई १० टक्क्यांहून जास्त वाढली होती. गंमत म्हणजे बरेच जण पहिल्याच मालकाकडे राहिले. जाऊ शकतो एवढ्यानेच दर वाढला. त्याच वेळी नव्या भरतीची मागणी मात्र थोडी घटली आणि नव्यांची सुरुवातीची कमाई उतरली, हा तोटाही हिशेबात धरला पाहिजे.

पुण्याहून अमेरिकेत गेलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांची गोष्ट वरच्या पगारपट्टीतली आहे, पण रचना तीच. एच-१बी या कुशल परदेशी कामगारांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर कंपनीला त्या कामाचा ‘प्रचलित दर’ द्यावा लागतो. या दराच्या चार पायऱ्या आहेत आणि दीर्घकाळ त्या स्थानिक वेतनक्रमात अनुक्रमे साधारण १७, ३४, ५० आणि ६७ व्या शतमकावर (म्हणजे १०० पैकी तळापासून तितक्याव्या पगारावर) बसवलेल्या आहेत. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या, वेतनाच्या खाली आहेत. अनुभवी माणसाला खालच्या पायरीवर दाखवलं की कायद्यात बसूनही दर पडतो. नोकरी गेली तर ६० दिवसांत नवी शोधायची, आणि ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी दशकांची, त्यामुळे घासाघीस करायचं धाडस होत नाही. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांनी हिशेब मांडला की १९९४ नंतर परदेशी संगणकतज्ज्ञांची वाढ रोखली असती, तर २००१ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते. त्याच हिशेबात वस्तूंच्या किमती उतरल्या, कंपन्यांचा नफा वाढला आणि इतर बहुतेकांना फायदा झाला. स्पर्धेत उभ्या असलेल्या गटाला तोटा आणि बाकीच्यांना थोडाथोडा लाभ, अशी ती वाटणी आहे. तोटा झालेल्याला ‘देशाचा फायदा झाला’ सांगून समाधान होत नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

म्हणून धोरण म्हणून मला विचाराल तर संख्येवर मर्यादा घालण्याआधी तीन कामं करावीत : मालक बदलण्याची मुभा, किमान वेतनाची प्रत्यक्ष तपासणी, आणि तक्रार केल्यावर व्हिसा किंवा काम न जाण्याची हमी. राज्यांतर्गत स्थलांतरालाही हे लागू आहे. बीडहून साखर कारखान्यांवर जाणारा ऊसतोड मजूर परदेशी नाही, पण मुकादमाची उचल घेतली की हंगामभर तोही एका जागी बांधला जातो, आणि बांधलेल्याचा दर बाजार ठरवत नाही.

महाराष्ट्रात हे स्वतः मोजायचं असेल तर आधी स्थलांतराचा आकडा जपून वापरा. जुलै २०२० ते जून २०२१ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले २८.९ टक्के लोक स्थलांतरित निघाले, पण त्यात लग्नानंतर सासरी गेलेल्या बायकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. कामासाठी आलेले वेगळे काढल्याशिवाय या आकड्याला मजुरीच्या प्रश्नात काही अर्थ नाही. २०११ नंतरची जनगणना २०२७ वर गेली आहे, तेव्हा जिल्हानिहाय ताजी संख्या मिळत नाही. हंगामी मजूर तर घरोघरच्या सर्व्हेत बरेचदा सुटतात, कारण ते बांधकामाच्या जागेवर किंवा वीटभट्टीवर राहतात.

मजुरीसाठी श्रमबल सर्वेक्षणातल्या रोजंदारी कामगारांच्या गेल्या सात दिवसांच्या कमाईच्या नोंदी घ्या आणि ग्रामीण भागासाठी केंद्राच्या लेबर ब्युरोचे महिनावार मजुरी-दर. गवंडी आणि बिगारी एकत्र करू नका. बिगारी बाहेरून आले की स्थानिक गवंड्याची मागणी वाढते, त्यामुळे दोघांची बेरीज काहीच दाखवत नाही. प्रत्येक दरातून औद्योगिक किंवा शेतमजूर ग्राहक किंमत निर्देशांकाने महागाई वजा करा. तुलनेला असा जिल्हा घ्या जिथे बांधकामाची तेजी तेवढीच आहे पण बाहेरचे मजूर कमी आहेत, आणि ते मजूर येण्याआधीची किमान तीन वर्षं दोन्हींकडचे दर सोबत चालत होते का ते पाहा. ते चालत नसतील तर तो जिल्हा सोडून दुसरा शोधा. गट पाडताना प्रत्येक गटात वर्षाला निदान शंभर-दीडशे नोंदी उरतील इतकाच बारीक पाडा. आणि दर विचारताना ‘रोज किती’ सोबत ‘महिन्यात किती दिवस काम मिळालं’ हेही विचारा. नाक्यावरचा दर ८०० वर टिकून राहतो आणि कामाचे दिवस २२ वरून १५ वर येतात, तेव्हा महिन्याची कमाई १७,६०० वरून १२,००० वर आलेली असते, आणि दराच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही.